‘आता तुम्ही आराम करा’

आज १ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी तसा ठराव केला आणि १९९१पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. आज आपल्याकडे गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत कार्यक्रम होतील. रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे भरतील. पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ दिले जाईल. अनुभवाची शिदोरी, वडिलकीचा आधार यांवर भाषणे होतील. यात वावगे काहीच नाही. पण शाल खांद्यावर घेऊन घरी परतलेल्या माणसाला उद्या सकाळी घरातल्या कोणत्या गोष्टीत विचारले जाणार आहे, हा प्रश्न या समारंभात कोणी काढत नाही. तो आज काढायला हवा.

आमचे म्हणणे सरळ आहे. घरात वृद्धांची हेळसांड होते, ही तक्रार आपण पुष्कळ केली; जिथे तसे घडते तिथे कायद्याने आणि समाजाने कठोरच व्हावे. पण असंख्य घरांत वृद्धांवर मनापासून माया केली जाते, आणि त्या मायेपोटीच त्यांच्या हातून एकेक काम, एकेक निर्णय काढून घेतला जातो. ‘आता तुम्ही आराम करा’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनात काही वाईट नसते. तरीही वार्धक्याच्या मानसशास्त्राने गेल्या सहा-सात दशकांत जे शोधले, त्याचा एकत्रित निष्कर्ष या वाक्याच्या विरुद्ध जातो. म्हातारपणी शरीराला विश्रांती लागते हे खरे. मनाला मात्र स्वतः ठरवण्यासारखे काहीतरी लागते.

हा विषय मूठभर घरांचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. २०५०पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३चा अंदाज आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी झाली. त्यात आजारपण आणि उत्पन्न यांबरोबर मनःस्थिती, स्मरणशक्ती आणि आयुष्याविषयीचे समाधान यांचीही नोंद घेतली गेली. धोरण आखणाऱ्यांनी वृद्धांच्या मनाची दखल घ्यायला सुरुवात केली आहे. घराघरांतून ती अजून घेतली जायची आहे.

मानसशास्त्रानेही म्हातारपणाकडे उशिराच पाहिले. पन्नाशीच्या आसपास मनाची लवचीकता संपते, त्यापुढच्या माणसांवर मनोविश्लेषणाचा उपयोग नाही, असे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५च्या सुमारास लिहिले होते. तेव्हा ते स्वतः पन्नाशीला आले होते, आणि त्यानंतरही तीस-बत्तीस वर्षे नवे विचार मांडत राहिले. मोझेसवरचे त्यांचे पुस्तक १९३९मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाले. बालपणी माणूस घडला की घडला, ही समजूत पुढे एरिक एरिक्सन यांनी मोडली. १९५०मध्ये त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि आठवा टप्पा वृद्धापकाळाला दिला. म्हातारपणीही मनाला एक काम असते आणि ते पार पाडावे लागते, हा विचार तिथून रुजला.

वृद्धांनी नेमके करायचे काय, यावर पहिला मोठा वाद १९६१मध्ये झाला. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांच्या पाहणीवरून इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी निवृत्तीचा, म्हणजे हळूहळू अंग काढून घेण्याचा सिद्धांत मांडला. वय वाढते तसा माणूस समाजापासून दूर होतो, समाजही त्याला मोकळे करतो. हे दोन्ही बाजूंनी, नैसर्गिकपणे घडते आणि त्यातच दोघांचे भले असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर टीकेची झोड उठली. रॉबर्ट हॅव्हिगहर्स्ट, बर्निस न्यूगार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पाहणीतील माहिती पुन्हा तपासली. त्यांना एकच एक चित्र दिसले नाही. पुष्कळजण कामात, माणसांत राहूनच समाधानी होते. काहीजण घरात, आरामखुर्चीत बसूनही तृप्त होते. माणसाचा स्वभाव कोणता आणि आजवरचा त्याचा जगण्याचा रिवाज कोणता, यावर बरेच अवलंबून होते. अंग काढून घेणे हा सर्वांना लागू पडणारा निसर्गनियम आहे, हा दावा काही टिकला नाही.

अभ्यासकांनी बाजूला ठेवलेला हा सिद्धांत आपल्या घरांत मात्र रोज अमलात येतो. बाबांच्या बँकेचा व्यवहार मुलगा मोबाइलवर बघू लागतो आणि महिन्याभरात बाबांना आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे दुसऱ्याला विचारावे लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकघर सूनबाईंकडे जाते आणि त्याबरोबर आज भाजी कोणती करायची हा प्रश्नही जातो. सातबारावर नाव आजोबांचे असते; कपाशी लावायची की सोयाबीन, हे मात्र त्यांना पेरणी झाल्यावर कळते. पाहुणे येतात, त्यांच्यादेखत ‘त्यांना आता ऐकू येत नाही’ असे सांगितले जाते आणि पुढचे बोलणे त्यांना वगळून होते. यातली कोणतीही गोष्ट छळ म्हणून नोंदवता येणार नाही. पण वर्षभरात अशा शंभर गोष्टी घडल्या की घरातला एक कर्ता माणूस घरातच पाहुणा होतो.

या वागण्याला कधी कधी वानप्रस्थाचा आधार दिला जातो. तो नीट तपासला पाहिजे. वानप्रस्थाच्या कल्पनेत गृहस्थ स्वतः ठरवून सूत्रे पुढच्या पिढीकडे देतो. कोणी त्याच्याकडून ती काढून घेत नाही. शिवाय तो आदर्श वरच्या वर्णांतील पुरुषांसाठी लिहिला गेला. रोजंदारीवर निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला कोणत्या वयात वनात जायचे, हे कोणी विचारले नव्हते. आजही विचारत नाही. तिला अंग काढून घेण्याची मुभा कधीच नव्हती. दमलेल्या शरीराला काम सोडता न येणे आणि उमेद असलेल्या माणसाला काम करू न देणे, ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. दोन्हीकडे निवड त्या माणसाच्या हाती नसते.

हॅव्हिगहर्स्ट यांच्या विचारातून पुढे आलेला सक्रियतेचा सिद्धांत आपल्याकडे चांगला रुजला. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, हास्यक्लब, सहली, भजनी मंडळे यांनी हजारो लोकांची दुपार सुसह्य केली आहे. निवृत्त माणसाची खुर्ची जाते तेव्हा ओळख, दिवसाची आखणी आणि भेटणारी माणसे अशा तिन्ही गोष्टी एकदम जातात. संघाच्या कट्ट्याने त्यांतल्या दोन तरी परत दिल्या. या चळवळीचे मोल मोठे आहे. तरी नुसते गुंतून राहणे म्हणजे समाधान, असे मानता येत नाही. ज्याने आयुष्यभर गर्दी टाळली त्याला सहलीच्या बसमध्ये बसवून आनंद होईलच असे नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे चार माणसांचे केले, तिला साठीनंतर ‘सक्रिय राहा’ हा उपदेश करताना तर जपून बोलावे. नवरा निवृत्त होतो. ती होत नाही. तिची निवड कदाचित काही काळ काहीच न करण्याची असेल, आणि तिचा तो हक्क आहे.

म्हणून रॉबर्ट अॅचली यांचा सातत्याचा सिद्धांत आम्हाला रोजच्या जगण्याला अधिक जवळचा वाटतो. म्हातारपणी माणूस नवा होत नाही. आजवर ज्या धाग्यावर त्याचे आयुष्य विणले गेले तो धागा बदललेल्या परिस्थितीत पुढे नेण्याची तो धडपड करतो, असे अॅचली सांगतात. महाराष्ट्राला हे समजावून सांगायला परदेशी उदाहरणाची गरज नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा. विधवांच्या शिक्षणाचे आणि महिला विद्यापीठाचे काम उभे करून झाल्यावर, १९३६मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. १९४४मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. १९५८मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२मध्ये ते गेले. शिक्षण आणि समता हाच त्यांच्या तरुणपणाचा धागा होता. म्हातारपणी तोच त्यांनी झेपेल तसा पुढे नेला. सगळेच कर्वे नसतात. पण तालुक्याच्या गावी निवृत्त झालेली शिक्षिका वाड्यातल्या दोन मुलांचे पाढे घेते, एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक गल्लीतल्या दुचाक्यांचा आवाज ऐकून दुखणे सांगतो, तेव्हा तेही हेच करत असतात. ‘कशाला उगाच व्याप’ म्हणून त्यांना थांबवणारे आपण कोण?

व्याप कमी करावा लागतो, हे खरेच आहे. तो कसा कमी करावा याचे सर्वांत उपयुक्त उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टिस आणि मार्ग्रेट बाल्टिस यांनी १९९०मध्ये दिले. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी मोजक्या गोष्टी निवडायच्या, निवडलेल्या गोष्टींत अधिक जीव ओतायचा, आणि जिथे शरीर कमी पडते तिथे दुसऱ्या मार्गाने भरपाई करायची. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण ते देत. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही वादन इतके उत्तम कसे, असे विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी सांगितले होते की ते आता कमी रचना वाजवतात, त्यांचा सराव अधिक करतात, आणि जलद भाग येण्याआधीची लय मुद्दाम थोडी संथ ठेवतात; त्यामुळे पुढचा भाग ऐकणाऱ्याला आहे त्याहून जलद वाटतो.

हे शहाणपण आपल्या घरांतही आहे, फक्त त्याला कोणी सिद्धांत म्हणत नाही. दिवाळीचा फराळ घ्या. एके काळी आजी लाडू, करंज्या, शेव, अनारसे असे सगळे करत असे. आता ती म्हणते, चकलीची भाजणी तेवढी मी करणार. ही झाली निवड. मग ती तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ वेगवेगळी, मंद आचेवर, घाई न करता भाजते. धने-जिऱ्याचे प्रमाण स्वतः पाहते. ती एकाच गोष्टीत सारे कसब उतरवते. ओट्याशी उभे राहवत नाही म्हणून शेगडी खाली घेते, स्टुलावर बसते, दळण गिरणीतून आणवते आणि सोऱ्या दाबायला नातवाला बसवते. ही भरपाई. घरातला फराळ तिच्याच हातचा राहतो. सगळे ‘बाहेरूनच आणू, तुम्ही दमाल’ असे म्हटले असते तर तिचे गुडघे वाचले असते. तिची दिवाळी गेली असती. पूर्वी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जाणारा वारकरी सत्तरीनंतर वाखरीला जाऊन पालखीला मिळतो आणि शेवटची वाट चालतो, तेव्हा तोही या तीन पायऱ्या चढलेला असतो. त्याने वारी सोडलेली नसते.

या साऱ्यात कळीचा मुद्दा एकच आहे: निवड कोणी केली? एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर बोट ठेवतो. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात त्यांनी दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे वागवले. एका मजल्यावर सांगितले, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. कुंडीतले एक रोप निवडा आणि त्याची काळजी तुम्ही घ्या. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, तुम्हाला सुखात ठेवणे ही आमची जबाबदारी. रोप त्यांनाही दिले, पण पाणी कर्मचारी घालत. सोयी दोन्हीकडे जवळपास सारख्या होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक सजग, अधिक आनंदी आणि अधिक मिळूनमिसळून वागणारे दिसले. प्रयोगातील लोकांची संख्या लहान होती. नंतरच्या पाठपुराव्यात मृत्यूच्या प्रमाणाबद्दल जे म्हटले गेले त्याच्या आकडेमोडीत दुरुस्ती करावी लागली, म्हणून त्यावर भर देणे योग्य नाही. पण वृद्धांच्या हाती काहीतरी ठरवण्याजोगे राहिले पाहिजे, ही त्या प्रयोगाची दिशा पुढच्या बऱ्याच अभ्यासांनी उचलून धरली. दुसरा मजला वाईट नव्हता. तिथेही काळजी घेतली जात होती. आपली बरीच घरे त्या दुसऱ्या मजल्यावर आहेत.

दुसरा एक गैरसमज माणसांच्या बाबतीत होतो. ‘आई हल्ली कोणात मिसळत नाही’, ‘बाबांना नवीन काही नको असते’ अशी तक्रार मुले करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टन्सन यांनी या वागण्याचा वेगळा अर्थ लावला. पुढे भरपूर काळ आहे असे वाटते तेव्हा माणूस नव्या ओळखी, नवी माहिती, नव्या वाटा शोधतो. काळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली की तो मनाला भिडणाऱ्या मोजक्या माणसांकडे वळतो. हे केवळ वयामुळे होत नाही. गंभीर आजाराने ज्यांचे आयुष्य अल्प ठरले आहे अशा तरुणांतही त्यांना हाच कल दिसला. म्हणजे आजी रोज दुपारी एकाच बहिणीला फोन करते आणि तेच तेच बोलते, ते तिचे जग आक्रसल्याचे लक्षण मानू नये. तिने आपली माणसे निवडलेली असतात.

हे लक्षात घेतले की आपल्या काळातला एक मोठा प्रश्न उलगडतो. मुले पुण्यात, मुंबईत, बंगळुरात किंवा थेट अमेरिकेत स्थायिक होतात आणि एकट्या राहिलेल्या आईला किंवा वडिलांना मायेने आपल्याकडे नेतात. बाराव्या मजल्यावरची स्वच्छ खोली मिळते, औषधे वेळेवर मिळतात. पण ओसरीवर येऊन बसणारी शेजारीण, किराणा दुकानदार, देवळातला कट्टा, नावाने हाक मारणारा पोस्टमन ही मोजकी माणसे मागे राहतात. वीस वर्षांच्या मुलाला नव्या शहरात नवे मित्र मिळतात. पंचाहत्तरीच्या माणसाला ती घाई नसते आणि तेवढा वेळही नसतो. न्यू जर्सीत सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा ‘सगळे छान होते’ म्हणतात आणि पुन्हा जायचे नाव काढत नाहीत, त्यात कृतघ्नपणा शोधू नये. स्थलांतर अटळ असेल तर ते जरूर करावे. पण आधी विचारावे, थोडे दिवस राहून पाहू द्यावे, आणि त्यांची ती चार-पाच माणसे फोनवर, भेटीगाठींत टिकतील याची तजवीज औषधांच्या यादीइतकीच गंभीरपणे करावी.

एरिक्सन यांच्या आठव्या टप्प्याकडे आता येऊ. मागे वळून पाहताना आपले आयुष्य, त्यातल्या चुकांसकट, आपले म्हणून स्वीकारता येणे ही एक बाजू. ‘सगळे वाया गेले आणि आता वेळ नाही’ ही निराशा ही दुसरी. या दोहोंतून वाट काढणे हे वृद्ध मनाचे काम. ते काम कसे होते, हे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३मध्ये दाखवले. वृद्ध माणसे जुन्या आठवणींत रमतात त्याला तोवर बुद्धी ढळल्याची खूण समजत. बटलर म्हणाले, हा आयुष्याचा आढावा आहे. मन जुने हिशेब पुन्हा मांडते, न मिटलेले तंटे मिटवू पाहते. आजोबा १९७२च्या दुष्काळातली खडी फोडण्याची गोष्ट विसाव्यांदा सांगतात, तेव्हा बहुधा त्यातले काहीतरी अजून त्यांच्यापुरते मिटलेले नसते. ‘हे तुम्ही मागेही सांगितले’ असे म्हणून आपण ते काम मध्येच थांबवतो. त्याऐवजी ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ एवढे विचारले तर गोष्ट पुढे सरकते.

या कामासाठी आपल्याकडे एक सुंदर रीत आहे. एक्याऐंशीच्या सुमारास आपण सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतो. त्या दिवशी मुले, जावई, पुढारी बोलतात आणि उत्सवमूर्ती हात जोडून ऐकत बसते. तो दिवस तिच्या बोलण्याचा करावा. आधीचे दोन महिने नातवंडांनी फोनवर तिचे आयुष्य तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यात दुःखे येतील, राग येईल, घराण्यातले अवघड प्रसंग येतील. तेही येऊ द्यावेत. एरिक्सन यांच्या पत्नी आणि सहकारी जोन एरिक्सन यांनी नव्वदी ओलांडल्यावर या मांडणीत नववा टप्पा जोडला आणि लिहिले की अतिवृद्ध वयात शरीर रोज नवी माघार घ्यायला लावते, तेव्हा आधी मिळवलेला विश्वास आणि स्वायत्तता पुन्हा डळमळतात. म्हणजे एकदा समाधान मिळाले की कायमचे मिळाले, असे नसते. त्या वयातल्या माणसाला नुसती प्रसन्नता दाखवण्याची सक्ती करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या जिभेवर आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीला वंशभेद, लिंगभेद यांच्या पंक्तीत बसवून स्वतंत्र नाव देण्याचे काम १९६९मध्ये बटलर यांनीच केले. तिचा परिणाम किती खोल जातो, हे येल विद्यापीठातील बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये मांडले. ओहायो राज्यातील पन्नाशीपुढच्या ६६० लोकांच्या दीर्घ अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, प्रकृती या गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला. निव्वळ विचाराने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ लावू नये. पण लहानपणापासून ऐकलेली म्हण साठीनंतर स्वतःवर लागू करणारा माणूस नवे शिकायचे थांबतो, डॉक्टरकडे जायचे टाळतो, चालणे सोडतो; आणि मग ती म्हण खरी ठरल्यासारखी दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. झटपट नवी कोडी सोडवण्याचा वेग वयानुसार मंदावतो. शब्दसंपदा, अनुभवातून आलेली पारख, माणसे ओळखण्याची जाण मात्र दीर्घकाळ टिकते.

याच म्हणीची उलटी बाजू अधिक धोक्याची आहे. खरोखर आजार असतो तेव्हाही आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे, आठवडेच्या आठवडे कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक उडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही वयाची लक्षणे नाहीत. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य हे आजार आहेत. त्यांचे निदान होते, आणि नैराश्यावर तर उतारवयातही चांगले उपचार होतात. ऐकू कमी येणे ही साधी बाब समजून श्रवणयंत्र टाळणे म्हणजे त्या माणसाला संभाषणातून बाहेर ठेवणे. वर सांगितलेला कोणताही सिद्धांत डॉक्टरची जागा घेत नाही.

आणि निवड करायला हाती काही असावे लागते. ज्याच्याकडे रुपया नाही त्याला ‘तुम्ही ठरवा’ म्हणणे ही क्रूरता होईल. राज्यातील निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेत दरमहा १५०० रुपये मिळतात. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा अजून २०० रुपयांवरच आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये थांबली, ती परत सुरू झाली नाही. याउलट ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. लेकीकडे जायचे की नाही, तीर्थाला जायचे की नाही, हे मुलाच्या खिशाकडे न पाहता ठरवण्याची मोकळीक त्याने दिली. सरकारने वृद्धांसाठी काय करावे, याचा हा चांगला नमुना आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यातील कलम २३ही याच जातीचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. १९७०मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ने सर्वस्व देऊन बसलेल्या बापाचे दुःख घराघरांत पोहोचवले; कायद्याला तिथे यायला आणखी सदतीस वर्षे लागली. ‘एल्डर लाइन’ची १४५६७ ही देशव्यापी मदतवाहिनीही प्रत्येक ज्येष्ठाच्या फोनमध्ये नोंदलेली असायला हवी.

ज्येष्ठांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. स्वतःच्या आयुष्याची निवड हाती ठेवणे वेगळे आणि मुलांच्या संसाराची सूत्रे हाती ठेवणे वेगळे. पहिला हक्क आहे, दुसरा हट्ट आहे. घरात ज्येष्ठांची शुश्रूषा बहुतेक वेळा सून किंवा लेकच करते. तिची झोप, तिची नोकरी, तिची सुटी हेही कुणाच्या तरी निवडीचे प्रश्न आहेत. भरपाईची साधने, मग ती काठी असो, श्रवणयंत्र असो किंवा मोबाइलवर पैसे पाठवायला शिकणे असो, लाज न बाळगता स्वीकारावीत. इच्छापत्र आणि उपचारांविषयीची आपली इच्छा शुद्धीत आणि सक्षम असताना लिहून ठेवावी. तो निर्णय दुसऱ्यावर टाकून मग त्याच्याविषयी कुढत बसण्यात अर्थ नाही.

घरातल्या कर्त्यांना आमचे आवाहन आहे. आजच्या दिवशी ज्येष्ठांना नमस्कार जरूर करा, आणि या आठवड्यात त्यांच्या हातून गेलेला एक तरी निर्णय त्यांना परत द्या. बँकेचे पासबुक भरून आणून त्यांच्या हाती द्या. डॉक्टरांसमोर त्यांचे दुखणे त्यांनाच सांगू द्या. घर रंगवायचे असेल तर रंग त्यांना विचारा, आणि विचारल्यावर तोच लावा. त्यांना वेळ लागेल, एखादी गोष्ट आपल्या मनाविरुद्ध होईल, ते सोसा. आपल्यालाही याच वयातून जायचे आहे, आणि तेव्हा आपल्याशी कसे वागावे हे घरातली मुले आज आपल्याकडे पाहूनच शिकत आहेत.